चौथ्या दिवसाची बेगमी

मुलीच्या घरी सरकारचं पत्रक आलं, तेव्हा मी गच्चीत पोह्याचे पापड वाळत घालत होते. मुलगी उत्तरेकडच्या एका थंड देशात राहते. जावयाची नोकरी तिथे, पवनचक्क्यांच्या कारखान्यात. तिला तेव्हा पाचवा महिना होता. फोन केला की ती आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करते, मग बाबांच्या गोळ्यांची, मग शेजारच्या मांजरीची, आणि मग मुद्द्यावर येते. त्या दिवशी तिने मांजर वगळली.

"आई, इथे सगळ्यांच्या पेटीत एक पत्रक टाकलंय. युद्ध झालं तर काय करायचं त्याचं."

"कुणाचं युद्ध?"

"तेच तर नीट लिहिलेलं नाही."

मग तिने मला ते मराठी करत करत वाचून दाखवलं. तीन दिवस पुरेल एवढं पाणी भरून ठेवा. तीन दिवस पुरेल असं, चूल न पेटवता खाता येईल असं अन्न ठेवा. बॅटरीवरचा रेडिओ ठेवा. तुमच्या इमारतीचं तळघर कुठे आहे ते आत्ताच बघून घ्या. चाळिशीच्या आतल्यांनी, आणि गरोदर बायकांनी तर जरूर, अणुबॉम्बच्या किरणांपासून बचावासाठी औषधांच्या दुकानातून आयोडीनच्या गोळ्या आणून ठेवा, मात्र सांगितल्याशिवाय घेऊ नका.

मी बत्तीस वर्षं नर्स होते, बहुतेक सगळी राजापूर तालुक्यातल्या उपकेंद्रांत. आयोडीन म्हटलं की मला मीठ आठवतं. घरोघर जाऊन चिमूटभर मिठावर औषधाचा थेंब टाकायचा, निळं झालं की आयोडीन आहे, नाही झालं की त्या घरच्या बाईला चार शब्द ऐकवायचे. म्हणून मी तोंडातून पटकन बोलून गेले, "मीठ चांगलं वापर आणि मासे खा, म्हणजे झालं." ती म्हणाली, "आई, बॉम्बला मीठ नाही गं पुरत." मला ते कळायला हवं होतं. कळतही होतं. पण कळणं एका बाजूला राहतं आणि तोंड आपलं जुन्या वाटेने जातं.

"आणि चौथ्या दिवशी?" मी विचारलं.

"काय चौथ्या दिवशी?"

"तीन दिवसांचं खाऊन झालं. चौथ्या दिवशी काय खायचं?"

तिने पानं उलटल्याचा आवाज मला ऐकू आला. मग म्हणाली, "नाही लिहिलेलं."

हा चौथा दिवस तेव्हापासून माझ्या डोक्यात जाऊन बसला. आम्हा कोकणातल्या बायकांना साठवणीचं कुणी शिकवायला नको. पावसाळ्याच्या तोंडावरचे दिवस म्हणजे आगोट, आणि त्या दिवसांत चार महिन्यांसाठी जे भरून ठेवायचं त्यालाही आम्ही आगोटच म्हणतो. कुळथाचं पीठ, आमसुलं, मेतकूट, फणसपोळी, सांडगी मिरची, सुके सोडे, जवळा. माझ्या सासूबाई प्रत्येक डब्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवायच्या आणि तिच्यावर एकच शब्द लिहायच्या, आगोट. त्याचा अर्थ घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक होता. पाऊस चांगला धरल्याशिवाय त्या डब्याला हात लावायचा नाही. मेमध्ये पाहुणे येवोत, कुणाला डोहाळे लागोत, डबा मोडायचा नाही. एकदा मोडलेली आगोट श्रावण बघत नाही, असं त्या म्हणायच्या.

त्या गेल्यावर ही शिस्त मी चालवली, आणि त्यांच्याहून कडक चालवली. मुलगी सात वर्षांची असताना तिने एकदा भर मे महिन्यात फणसपोळीच्या डब्यात हात घातला. मी ड्यूटीवरून दमून आले होते. बघितलं आणि एक ठेवून दिली. पाच बोटं उठली गालावर. फणसपोळीचा तुकडा तिच्या तोंडातच होता, तो तिने काढून माझ्या हातात दिला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तर, आमची बेगमी चार महिन्यांची. तिथल्या सरकारची तीन दिवसांची. एवढा मोठा पैसेवाला देश, आणि तीनच दिवसांचा विचार करतो, याचं मला नवल वाटलं. मी आमच्या ह्यांना विचारलं.

ह्यांना विचारायची चूक मी आयुष्यभर करत आले आहे. हे एसटीत कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावरून किती वाजता सुटणार हे माइकवरून सांगण्यात त्यांचा जन्म गेला, त्यामुळे जगातल्या सगळ्या गोष्टी वेळापत्रकाप्रमाणे चालतात अशी त्यांची समजूत आहे. निवृत्तीनंतर ते टीव्हीवरच्या बातम्यांपुढे बसतात आणि मग मला समजावून सांगतात. त्या दिवशी त्यांनी ओटीवर तीन नारळ मांडले.

"ही एक महासत्ता, मुलीच्या देशाच्या शेजारची. ही दुसरी, समुद्रापलीकडची, हिने मुलीच्या देशाला पाठीशी घातलंय. आणि ही तिसरी, ही नवीन, ही सध्या बघत्ये."

"आणि आपण?"

त्यांनी इकडेतिकडे बघून खिशातली सुपारी काढली आणि तिन्ही नारळांच्या मधोमध ठेवली. "आपण सगळ्यांशी बोलून असतो."

"आणि मुलगी?"

मुलीसाठी त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं. त्यांनी अडकित्त्याने सुपारी फोडली आणि तिचा तुकडा पहिल्या नारळाला अगदी चिकटवून ठेवला. मी म्हटलं, "जरा लांब ठेवा की." ते म्हणाले, "अगो, मी ठेवत नाही, तो देश आहेच तिथे."

चौथ्या दिवसाबद्दल त्यांचं उत्तर असं, की युद्ध मुळी होणारच नाही. दोघांकडे बॉम्ब आहेत म्हणूनच कुणी टाकत नाही. एकाने टाकला की अर्ध्या तासात दुसऱ्याचा पोहोचणार, दोघंही मरणार, हे दोघांनाही ठाऊक आहे, म्हणून सगळे सुखरूप. मी म्हटलं, "मग आणखी कशाला बनवतात?" तर म्हणाले, "सुखरूप राहायला." मी ते नारळ उचलून आत नेले. एकाची आमटी केली.

खरं सांगायचं तर मला महासत्ता कधीच नीट कळल्या नाहीत. मी शाळेत होते तेव्हा दोनच होत्या. राजापूरजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत दुपारी पिवळा सांजा मिळायचा, तो एकीच्या पिठाचा. पोत्यावर एकमेकांत मिळवलेल्या दोन हातांचं चित्र असायचं. आणि वह्यापुस्तकांना कव्हरं घालायचो ती दुसरीच्या मासिकांची. जाड गुळगुळीत कागद, त्यावर ट्रॅक्टरवर बसून हसणाऱ्या गोऱ्यापान बायका. मास्तरांकडे ते मासिक यायचं, ते आम्हाला पानं फाडून द्यायचे. कव्हर पावसातही भिजायचं नाही. मग एक दिवस मास्तरांनीच सांगितलं की ह्या दोघी एकमेकींच्या जिवावर उठल्यात, आणि मनात आणलं तर सगळी पृथ्वी कितीतरी वेळा जाळतील. मी सांज्याचे हात मासिकाच्या कव्हराला पुसत होते. कुणाच्या बाजूने भ्यायचं हे मला कळेना. पहिल्यांदाच जाळून झाल्यावर दुसऱ्यांदा काय जाळणार, हेही कळेना. तेव्हा मी विचारलं नाही, कारण मास्तर छडी मारायचे.

मधल्या काळात तो सगळा मामला मिटला असं ऐकलं होतं. मी बाळंतपणांत गुंतले होते, मला मिटल्याचं कळलं ते वर्षभराने. आता पुन्हा सुरू झाल्याचं मुलीच्या पत्रपेटीतून कळलं.

पण मला काळजी होती ती वेगळीच. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यात विचारण्यासारखंसुद्धा नाही. शिवाय मी नर्स. किती जणींची मुलं या हातांवर आली, आणि माझ्या मुलीचं परक्या देशात कुणी परक्याने करायचं? ती मेच्या मध्याला येणार होती. सातव्या महिन्यानंतर विमानवाले घेत नाहीत, म्हणून त्याआधी. मी वरची खोली पांढरी करून घेतली, माळ्यावरचं बाजलं काढून विणून घेतलं, डिंक आणला. इथे आली की ती त्या नारळांपासून लांब येणार, एवढंच माझं राजकारण होतं.

आणि नेमका तेव्हाच आमच्या रत्नागिरीत भोंगा वाजला.

आपल्याकडेही शेजाऱ्याशी तापलं होतं, आणि शेजाऱ्याकडेही तसलाच बॉम्ब आहे. म्हणून हवाई हल्ल्याचा सराव. दुपारची वेळ. आम्हाला निवृत्त नर्सांनाही एका हॉलमध्ये बोलावलं होतं. शिकवायला एक तरुण अधिकारी आला होता, बिचारा घामाघूम झालेला. भोंगा वाजला तसा तो म्हणाला, सगळ्यांनी जमिनीवर पालथं झोपायचं, डोळे मिटायचे, हात डोक्यामागे. आम्ही पन्नाससाठ बायका, गुडघे आवळत, पदर सावरत पालथ्या झोपलो. फरशीला फिनेलचा वास येत होता. शेजारची बाई हसायला लागली आणि तिचं हसू सगळ्यांना लागलं. मलाही लागलं. आणि हसता हसता मला एकदम मुलगी दिसली, सहा महिन्यांचं पोट घेऊन, त्या थंड देशातल्या तळघरात.

मी तशीच झोपल्या झोपल्या मान वर केली. "साहेब, गरोदर बाई पालथी कशी झोपणार?"

त्याने हातातला कागद बघितला. मागची बाजू बघितली. "मॅडम, विचारून सांगतो," म्हणाला. हसणं थांबलं. त्याने नंतर काही सांगितलं नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. मी स्वतः बत्तीस वर्षं हेच काम केलं, पण मलाही ते उत्तर येत नव्हतं. कुशीवर, असं मनाशी म्हटलं. पण कुशीवर झोपून काय होणार, ते माहीत नव्हतं.

मुलीने बातमी वाचली होती. संध्याकाळी नेहमीचा फोन आला तो उलटाच. "आई, तुम्ही ठीक आहात ना? पाणी भरून ठेवलंत का? तीन दिवसांचं तरी ठेवा." मी तिची काळजी करायची तर ती माझी करत होती. जावई मागून म्हणाला, "आई, सुरक्षित कुठे आहे तेच कळत नाहीये, नाहीतर तिकडेच गेलो असतो." मग वाटेतल्या आखातावरची विमानं बंद झाली, तिथे आणखी कुणीतरी कुणावर काहीतरी सोडलं होतं. तिचं तिकीट विमानवाल्यांनीच रद्द केलं. दुसरं काढलं, तेही रद्द झालं. तिसरं काढेपर्यंत तिचा सातवा महिना भरला आणि डॉक्टर नको म्हणाले. वर खोलीत बाजलं तसंच पडून राहिलं, त्याच्यावर मी पापडांचे डबे ठेवले.

येऊ शकत नाही, तर निदान आपल्या हातचं खाऊ दे, म्हणून मी आगोट जरा जास्तच भरायला घेतली. जावयाचा एक मित्र सुट्टी संपवून लांबच्या वाटेने परत जाणार होता, तो एक खोकं न्यायला तयार झाला. सोडे घ्यायला मी मिरकरवाड्याला, मासळीच्या बंदरावर गेले. तिथे माझी एक ठरलेली मासेवाली आहे. तिची दोन्ही बाळंतपणं मीच केलीत, म्हणून ती मला भावात सवलत देत नाही पण सोडे चांगले काढून देते. मी तिला सगळं सांगितलं, पत्रकाचं, तीन दिवसांचं.

ती सोडे वेचता वेचता म्हणाली, "तीन दिस? मंग बरोबर हाय. आमचंबी तसंच."

"तुमचं काय?"

"होडी तुफानात ग्येली नि आली नाय, तर तीन दिस आमी वाट बगतो. दुसऱ्या बंदराला लागली असंल, इंजान बिगडलं असंल. चवथ्या दिशी मंग नाय थांबत. होड्या काडतो नि जातो बगायला."

"आणि बघायला जाता येण्यासारखं नसलं तर? तुफान तसंच असलं तर?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वेडगळ प्रश्नच विचारलाय. "बाय, जातोच," म्हणाली, आणि पिशवीला गाठ मारून दिली.

खोकं मी मनापासून भरलं. कुळथाचं पीठ सर्वांत जास्त, कारण तिला आठव्या-नवव्या वर्षापासून पिठलं आणि भात याच्यापुढे दुसरं काही गोड लागत नाही. आमसुलं, मेतकूट, फणसपोळी. सोडे तीन पिशव्यांत बांधले, वास फुटू नये म्हणून. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू वेगळे. आणि सवयीप्रमाणे प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवली, आणि सवयीप्रमाणेच तिच्यावर लिहिलं, आगोट. हात आपोआप लिहीत गेला. पावसाळ्यासाठी बरण्या भरताना कुणी विचार करत नाही.

खोकं पोचल्याचा फोन आला. "आई, घर नुसतं मिरकरवाडा झालंय," म्हणाली, आणि दोघंही खूप हसली. मला बरं वाटलं.

त्यानंतरचा महिनाभर घरात एकच विषय होता. मी जायचं की नाही. माझा व्हिसा जावयाने आधीच करून ठेवला होता, सहज असावा म्हणून. पासपोर्टवर तो कागद चिकटलेला, आणि मी घरात बसलेली. विचारणाऱ्याला मी गुडघे सांगायचे. ह्यांच्या गोळ्या सांगायचे. पाऊस सांगायचे. खरी गोष्ट ही होती की मला भीती वाटत होती. मी वाटेत, मुलगी तिकडे आणि हे इकडे असताना काही झालं तर? आम्ही तिघं तीन ठिकाणी. मरायची भीती नव्हे. शोधायला कोण कुणाला जाणार, याची भीती. एके दिवशी बातम्यांत एक पुढारी दुसऱ्याला बॉम्बची आठवण करून द्यायचा, की मी म्हणायचे, नको, आत्ता नको. दुसऱ्या दिवशी तेच दोघं हस्तांदोलन करताना दिसायचे, की मी म्हणायचे, आता कशाला, सगळं निवळलं. भांडण असलं तरी न जायला कारण, मिटलं तरी न जायला कारण. हे म्हणाले, "तू एकदा ठरव, म्हणजे मला फलाट जाहीर करता येईल." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा, तिकडे दुपार असायची. आषाढ लागला होता. आमच्याकडे पाऊस असा लागून राहिला होता की दाराबाहेरच्या कातळावरून पाण्याचे पाट वाहत होते, आणि मी कधीचेच आगोटीचे डबे काढले होते. तिला आठवा सरत आला होता. पाय सुजले होते, ते तिने मला दाखवले आणि मी मिठाबद्दल बोलले, ह्या वेळी कमी खायला. मग ती उगाच काहीबाही बोलत राहिली. मग म्हणाली,

"आई, तू आज काय केलंयस जेवायला?"

"पिठलं भात."

ती म्हणाली, "मला ना, दोन महिने झाले, रोज पिठलं खावंसं वाटतंय. स्वप्नात पण येतं. इथे एका दुकानात कुळीथ मिळतं म्हणून गेले होते, तर ते दुसरंच काहीतरी होतं."

"अगो, मग मी पाठवलेलं पीठ कुठे गेलं? संपवलंस?"

"नाही. ते खाली आहे."

"खाली कुठे?"

"तळघरात. त्या पत्रकात सांगितलं होतं ना, आपल्या वाटणीच्या जागेत सामान ठेवा. पाण्याचे डबे, रेडिओ, आणि तुझं खोकं. सगळं नीट लावून ठेवलंय."

"अगं पण ते खायला पाठवलं होतं!"

"आई, तू चिठ्ठ्या लावल्यास ना त्याच्यावर. आगोट म्हणून." ती अगदी सरळ बोलत होती, लहानपणी धडा म्हणून दाखवायची तशी. "मी एकदा खाली गेले होते, अगदीच राहवेना म्हणून. झाकणाला हात लावला. पण मग वर आले. पाऊस अजून कुठे लागलाय."

माझ्या बाहेर धो धो पडत होता. पण ती कुठल्या पावसाबद्दल बोलत होती ते मला कळलं. आठ महिन्यांची पोटुशी माझी मुलगी, बॉम्ब पडायची वाट बघत होती, मगच डबा उघडायचा म्हणून. आणि तिला ते मी शिकवलं होतं. एक ठेवून दिली होती आणि शिकवलं होतं. माझ्या उजव्या हाताला मुंग्या आल्या, हे मी खोटं सांगत नाही.

"फोड," मी म्हटलं.

"काय?"

"ते खोकं फोड. आत्ताच्या आत्ता. जावयाला पाठव खाली."

"अगं पण मग तीन दिवसांचं..."

"चुलीत गेले ते तीन दिवस. पीठ काढ, लसूण घाल, दोन आमसुलं टाक आणि माझ्यासमोर बसून खा."

जावई खाली गेला. फोन तिने ओट्यावर कशाला तरी टेकवून ठेवला होता, मला नुसतं छत दिसत होतं आणि तिचा श्वास ऐकू येत होता. तो खोकं घेऊन आला. चिठ्ठी फाटल्याचा आवाज आला. मग लसणीची फोडणी. हे टीव्हीपुढून उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले, आणि आम्ही दोघं सातासमुद्रापलीकडचं पिठलं रटरटताना ऐकत राहिलो. ती बसली, फोन समोर धरला, आणि भात कालवून पहिला घास घेतला. घास तोंडात ठेवून ती क्षणभर थांबली. हात तोंडाशी गेला. मला वाटलं आता ती तो काढून माझ्यापुढे धरणार. मी ओरडलेच, "गीळ!" तिने गिळला, आणि मग ती रडायला लागली. रडत रडत खात राहिली. मी तिला खाऊ दिलं.

खाऊन झाल्यावर तिने डोळे पुसले आणि एकदम व्यवहारी आवाजात विचारलं, "आई, पण मग खाली काय ठेवू? तूच विचारलं होतंस ना, चौथ्या दिवशी काय करायचं म्हणून."

मला मासेवाली आठवली. मी बोटांवर मोजायला लागले. "हे बघ, इथून संध्याकाळची गाडी धरली की सकाळी मुंबई. तिथून विमान, मध्ये कुठेतरी बदलायचं. तिथून तुमची आगगाडी. कितीही रखडलं तरी तीन दिवसांत मी तुझ्या दारात. म्हणून तीन दिवसांचं ठेवायला सांगत असतील. चौथ्या दिवशी मी आहे."

ती हसली. मागून हे म्हणाले, "गाडी साडेसातला." मग तिचं हसू हळूहळू गेलं.

"आई, पण तसं झालं तर विमानं बंद असतील ना गं?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. आयुष्यभर गाड्या सुटण्याच्या वेळा सांगितलेले हे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. बाहेर पाऊस पडतच होता. तिच्या ताटातलं पिठलं बोटाने पुसून घेतलेलं दिसत होतं.

"हो, बंद असतील," मी म्हटलं. "म्हणून आत्ताच निघते."